कापड पांढरं येईपर्यंत

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळी धुकं. बाल्कनीतल्या तापमापकावर सात वाजता सतरा अंश. वारा अजिबात नाही, त्यामुळे एमआयडीसीचा वास जिथल्या तिथे उभा होता.

मी गेली एकोणीस वर्षं रोज डायरी लिहितो. तारीख, हवा, आणि दिवसभरात कोण किती मूर्खपणे वागलं त्याची नोंद, असा तिचा साधारण आराखडा आहे. पुढची हकीकत त्याच डायरीतून काढली आहे. या पंधरा दिवसांत मूर्खपणाच्या सदरात मी बऱ्याच जणांची नावं लिहिली. ती सगळी मागाहून खोडावी लागली, ती का, हे पुढे येईलच.

त्या रविवारी दहा वाजता माझी थोरली बहीण सखूताई लग्नाची पत्रिका घेऊन बदलापूरला, कुळगावात, आमच्या घरी आली. तिच्या मुलाचं, कल्पेशचं लग्न सोळा तारखेला होतं. आमच्याकडे नवरदेव घरून मांडवाकडे निघतो तो मामाच्या गाडीतून. आजोबांच्या काळात बैलगाडी होती, मग टेम्पो आला, मग जीप आली. वाहन बदललं तरी मान मामाचाच. कल्पेशला सख्खा मामा मी एकटा. त्यामुळे या विषयावर चर्चेला जागाच नाही, असं मी चहा होईपर्यंत समजत होतो.

चहा पिऊन सखूताई बाल्कनीत गेली. खाली माझी गाडी उभी होती. तिच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"हरी," ती म्हणाली, "ही गारी लाल व्हती ना रं?"

"अजूनही लालच आहे, ताई."

"लाल नाय. आमसुलाच्या सारासारकी दिसते." मग आवाज जरा उतरवून म्हणाली, "चंदर बोलला, त्याची काली गारी देतो. मी अजून हो बोलले नाय."

चंदर हा माझा चुलत भाऊ, म्हणजे कल्पेशचा चुलत मामा. आमच्या बापांच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्याच्या बापाची जमीन रस्त्याला लागून निघाली आणि माझ्या बापाची नाल्याला लागून. आमच्या दोघांच्या बुद्धीतला फरक एवढाच आहे, पण तेवढ्या भांडवलावर चंदर गेली दहा वर्षं सगळ्या भावकीला सल्ले देतो. त्याची गाडी काळी आणि इतकी उंच आहे की चढायला पायरी लागते. एक माणूस रोज ती पुसतो: एक बादली, एक फडकं, आणि गोल गोल हात. फडक्यातली माती पॉलिश पेपरचं काम करते, त्यामुळे उन्हात त्या गाडीभर कोळ्याची जाळी विणल्यासारखे ओरखडे दिसतात. हे मी चंदरला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "दादा, ती डिझाईन हाय." (त्याला खरंच तसं वाटतं, की तो मला बनवत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.)

असल्या माणसाच्या गाडीतून माझा भाचा मांडवात जाणार, हे मला मान्य नव्हतं. मी ताईला सांगितलं, चौदा दिवस दे. गाडी अशी चमकवतो की नवरदेवाला फेटा बांधायला आरसा लागणार नाही.

"चमकली त तुझी," ताई म्हणाली. "नायतर चंदरची. मग रुसू नको."

ती गेल्यावर मी लगेच खाली उतरलो. जुनं बनियन घेतलं, त्यावर टूथपेस्ट घेतली आणि बॉनेटवर पुरीएवढी जागा घासून बघितली. टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत पूड असते, ती रंगावरचा मेलेला थर काढते, हे मी मोबाईलवर एका माणसाकडून शिकलो होतो. (त्याला लाखो लोक बघतात. त्यातले निम्मे आमच्या सोसायटीतले असावेत, कारण काय करायला हवं होतं ते नंतर सगळ्यांनाच माहीत निघालं.) दहा मिनिटांनी पाणी मारून पुसलं आणि मी चकित झालो. त्या पुरीएवढ्या जागेत पिकलेल्या टोमॅटोसारखा लाल रंग वर आला होता. त्यात मला माझ्या मिशीतले पांढरे केस मोजता आले. बनियन गुलाबी झालं होतं. म्हटलं, बारा वर्षांचा मळ आहे, निघायचाच.

अडचण वेगळीच झाली. त्या एका पुरीमुळे उरलेली गाडी होती त्याच्या दुप्पट जुनाट दिसायला लागली. वॉचमनने विचारलं, साहेब, इथे काय लागलं? तळमजल्यावरच्या सुजितने नवीन पार्ट बसवला का म्हणून चौकशी केली. एका बाईंनी तर त्यात बघून टिकली सरळ केली. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं, की आता मागे फिरता येणार नाही. गाडी सगळी पुरीसारखी तरी करायला हवी, किंवा पुरी तरी पुसायला हवी, आणि पुरी पुसण्याची पद्धत मोबाईलवर कुणी दाखवत नाही.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मी अंबरनाथला औषधांच्या कंपनीत बावीस वर्षं आहे. माझं काम सफाईची तपासणी. एक औषध बनवून झालं की टाकी धुतात. मग मी हातमोजे घालून पांढरं शुभ्र कापड घेतो, टाकीच्या आतून फिरवतो, आणि उजेडात धरतो. कापडावर रंगाची पुसटशी छटा आली, तरी टाकी पुन्हा धुवायची. कापड पांढरं आलं तरच माझी सही, आणि माझी सही असेल तरच पुढचं काम. बावीस वर्षांत मॅनेजर ओरडले, मालक स्वतः आले, पण छटा असलेल्या कापडावर मी सही केलेली नाही. लोक मला खडूस म्हणतात. ते लोक आमच्याच कंपनीच्या गोळ्या निर्धास्त खातात.

तेव्हा गाडीलाही नियम तोच: कापड पांढरं येईपर्यंत घासायचं, आणि ते पांढरं आल्याशिवाय वरून काहीही लावायचं नाही. मळावर वॅक्स लावणं म्हणजे अंघोळ न करता अत्तर मारणं. (हे वाक्य मी त्या दिवशीच्या पानावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.)

सोमवारी सामान आणायला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. तिथे गाडीच्या सामानाचं टेकचंद नावाच्या माणसाचं दुकान आहे. मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो, म्हणजे हा माणूस मला फसवणार हे गृहीत धरून गेलो होतो. कंपाऊंडचे, म्हणजे रंग घासायच्या पेस्टचे, चार डबे, तीन तऱ्हेचे पॅड, भाड्याने चमक काढायचं बफिंगचं मशीन अशी यादी त्याच्यासमोर ठेवली. टेकचंदने यादी वाचली, गाडीची चौकशी केली, आणि उठून बाहेर रस्त्यावर आला. बॉनेटवरच्या पुरीवर बोट फिरवलं, बोट बघितलं.

"साईं, सेकंडहँड ली थी?"

मी हो म्हटलं. आधीच्या मालकाने ती रंगवून घेतली होती.

"सस्ते में रंगवाया है. इसके ऊपर लॅकर नहीं मारा." मग माझा चेहरा बघून तो मराठीत आला. "लॅकर म्हणजे ते वरचा पारदर्शक थर. तो नाय तुमच्या गाडीला. नुसता रंग आहे. जितना घिसोगे उतना रंग कपडे पे आयेगा. मळ नाय तो, गाडी आहे. हाताने दोन वेळा हलकं मारा, वॅक्स लावा, आणि हात जोडून लांब उभे राहा."

असं बोलून त्याने यादीतल्या जवळजवळ सगळ्या सामानावर काट मारली आणि माझ्यापुढे कंपाऊंडचा एक डबा, वॅक्सची एक डबी आणि डझनभर फडकी सरकवली.

मला काय वाटलं ते मी घरी आल्यावर जसंच्या तसं लिहिलं आहे: 'दुकानदार गिऱ्हाइकाला कमी माल घ्यायला सांगतो, याचा अर्थ डाव खोल आहे.' बावीस वर्षं सफाई तपासणाऱ्या माणसाला मळ कुठला आणि रंग कुठला हे कॅम्प दोनमधला टेकचंद शिकवणार. मी त्याच्याशी वाद घातला नाही. कंपाऊंडचे तीन डबे जास्त घेतले. त्याचं नाव त्या दिवशीच्या सदरात पहिलं आहे.

मंगळवारपासून काम सुरू केलं. मास्किंग टेप लावून गाडीचे सव्वीस चौकोन पाडले, प्रत्येकाला नंबर दिला. पहाटे साडेपाच ते सात. कंपनीची बस पावणेआठला. प्रत्येक चौकोनावर कंपाऊंडचे पाच हात, मग पांढरं कापड, मग नोंद. पहिल्या आठवड्याची नोंद अशी: चौकोन एक, लाल. चौकोन दोन, लाल. चौकोन तीन, लाल. चौकोन चार, फार लाल.

चमक मात्र विलक्षण येत होती. शेजारच्या इमारतीतल्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे माझ्या दारात स्पष्ट दिसत होते. सुजित खाली येऊन म्हणाला, काका बस झालं आता, शोरूमसारखी दिसते. मी त्याला कापड दाखवलं. तो म्हणाला, पण काका, गाडी बघायची की कापड? आजकालच्या पोरांना तपासणी ही गोष्टच कळत नाही. त्याचंही नाव लिहिलं.

फडकी संपली तशी मी घरातलं पांढरं कापड वापरायला लागलो. दोन उशांचे अभ्रे, एक धोतर, आणि बायकोचा, म्हणजे बकुळाचा, एक परकर, जो मला जुना वाटला होता. (तो जुना नव्हता.) बकुळाने पाच दिवस काही म्हटलं नाही. सहाव्या दिवशी तिने मशीन लावलं, त्यात ही फडकी गेली, आणि त्यांच्याबरोबर माझा कंपनीचा पांढरा कोट गेला. सोमवारी मी सफाई तपासणीला गुलाबी कोटात उभा होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा धुलाईवाल्या माणसांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि एकाने विचारलं, साहेब, सही करू का?

त्या संध्याकाळी बकुळा दोरीवरची फडकी काढता काढता म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी पुसताय, की गाडी हळूहळू फडक्यावर उतरवताय?"

माझी मुलगी प्राची कॉलेजला आहे. तिने वॅक्सची डबी दाखवून सुचवलं, पप्पा, निदान हे तरी लावा. हात लावला तरी बोटाला लाल लागतंय. मी तिला नियम समजावून सांगितला. ती म्हणाली, तो नियम टाकीचा आहे, टाकी स्टीलची असते. मी म्हटलं, नियम हा नियम असतो. आता विचार करता तिचा मुद्दा रास्त होता, पण तेव्हा ती आईच्या बाजूने बोलत होती हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

बुधवारी चंदर आला. मुद्दाम आला, कारण त्याला बदलापुरात काही काम नसतं. काळ्या गाडीतून पायरीवरून उतरला, माझ्या लाल गाडीभोवती एक फेरी मारली, आणि मग आणखी एक मारली. मला ती दुसरी फेरी फार आवडली. त्याची गाडी शेजारी उभी होती, तिच्यावरची कोळ्याची जाळी उन्हात उठून दिसत होती. मग त्याने बॉनेटवर हात टेकला, उचलला, आणि तळवा माझ्यापुढे धरला. तळवा लाल.

"दादा, देवी बसवली का गारीवर?"

"मळ आहे. निघतोय."

"आठ दिस निघतोय?"

"कापड पांढरं आलं की थांबणार."

चंदरने तळवा माझ्याच फडक्याला पुसला. "मग कल्पेशच्या पोराच्या बारशापरत आटपंल," तो म्हणाला आणि पायरी चढून निघून गेला. त्याचं नाव त्या दिवशी मी दोनदा लिहिलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. आकाश स्वच्छ, एकोणीस अंश. चौकोन सात, म्हणजे बॉनेटचा मधला भाग, जिथे पुरी होती. सहा वाजून चाळीस मिनिटांनी पांढरं कापड फिरवलं, उजेडात धरलं, आणि माझे डोळे भरून आले. कापडावर लाल अजिबात नव्हतं. किंचित राखाडी होतं, पण लाल नव्हतं. दहा दिवसांनी पहिला चौकोन पास झाला. मी सही केली, वेळ लिहिली आणि बकुळाला खाली बोलावलं.

ती कणकेच्या हाताने खाली आली. कापड बघितलं नाही. बॉनेट बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "तिथे गाडीच संपली आहे."

मी चष्मा पुसून बघितलं. बॉनेटच्या बरोबर मध्यावर पुरी होती. फक्त आता ती राखाडी होती. रंग संपून खालचा प्रायमर उघडा पडला होता. मोजपट्टी आणून मोजला: नऊ इंच बाय सहा इंच. टेकचंदचं नाव मी त्याच क्षणी खोडलं. (बाकीची नावं खोडायला मला रविवार उजाडला.)

लग्न दोन दिवसांवर. रंगाऱ्याने चार दिवस सांगितले. सखूताईला कळवलं असतं तर तिने एका शब्दात चंदरला होकार दिला असता, आणि सख्ख्या मामाने हळदीत मान खाली घालून बसायचं, हे मला सोसणारं नव्हतं. उपाय प्राचीने काढला. नवरदेवाच्या गाडीला फुलं असतातच. बॉनेटच्या मध्यावर झेंडूचा भरगच्च गोल बसवायचा, प्रायमर झाकला जाईल. तेवढं करताना तिने पुन्हा विचारलं, "आणि वॅक्स?" पंचवीस चौकोन अजून नापास होते. नापास मालावर मी वॅक्स लावणार नव्हतो. डबीचं सील तसंच राहिलं.

रविवार, १६ फेब्रुवारी. निरभ्र. नऊ वाजता चोवीस अंश. रात्री दव पडलं होतं.

सव्वानऊला गाडी सखूताईच्या दारात उभी केली आणि सगळी गल्ली बाहेर आली. खोटं लिहीत नाही, ती गाडी जळत्या निखाऱ्यासारखी दिसत होती. मांडवाचे खांब, आंब्याचे टाळे, दारातल्या बायकांच्या साड्या, सगळं तिच्यात उमटलं होतं. झेंडूचा गोल मधोमध. कुणीतरी नवी घेतली का म्हणून विचारलं, तेव्हा सखूताई माझ्याआधी म्हणाली, "नाय, जुनीच हाय. माझ्या भावाने हाताने घासली." तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. चंदर आपल्या गाडीला टेकून उभा होता. माझ्या आयुष्यात यापेक्षा चांगली पंचेचाळीस मिनिटं गेलेली नाहीत. मी घड्याळ बघून सांगतो आहे.

दहाला कल्पेश बाहेर आला. मोतिया रंगाची शेरवानी, फेटा, मुंडावळ्या. फोटोग्राफर म्हणाला, नवरदेव, गाडीला जरा रेलून उभे राहा, हात घडी, कूल. कल्पेश पाठ टेकून रेलला. फोटोग्राफरने सात-आठ फोटो काढले. मग म्हणाला, आता चालत या माझ्याकडे, आणि एकदा मागे वळून आईकडे बघा.

कल्पेश वळला. त्याची पाठ सगळ्या गल्लीने एकदम बघितली. खांद्यापासून खाली गुडघ्याच्या मागपर्यंत लाल. रात्रीच्या दवाने सैल झालेला दाराचा रंग इतका नीट उतरला होता की दाराच्या हँडलची जागा तेवढी मोतिया राहिली होती.

"कल्पेश, हलू नकोस," मी म्हटलं आणि धावत जाऊन खिशातल्या पांढऱ्या रुमालाने पुसायला लागलो. बावीस वर्षांची सवय. लाल आणखी पसरलं. मग तोल जाऊ नये म्हणून गाडीवर हात टेकला आणि दुसऱ्या बाजूने पुसायला घेतलं.

"मामा," कल्पेश हळूच म्हणाला, "राहू दे. मामा, राहू दे ना."

सखूताई पुढे आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातला रुमाल काढून घेतला, उलटून बघितला, आणि पदराने कपाळ पुसलं. "हरी," ती म्हणाली, "तू शानाच हायेस रं. पन थांबत नाय."

मग तिने चंदरकडे बघितलं. चंदरने काळ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि अंगातला कोट काढून कल्पेशला दिला.

सगळी नावं मी तिथेच, मनातल्या मनात खोडली. चंदरचं दोनदा.

पुढची नोंद अशी.

मुहूर्त बारा चोवीसचा होता, अक्षता बारा तेहतीसला पडल्या. कल्पेश दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी चंदरच्या गाडीतून मांडवाकडे निघाला. अंगात चंदरचा कोट, चव्वेचाळीस नंबर, कल्पेशचा अडतीस. माझ्या लाल गाडीतून दोन पाट, तांदळाचा डबा, फोटोग्राफरचे दिवे आणि बकुळा गेली. बकुळा मागच्या सीटवर मधोमध बसली, दोन्ही दारांपासून लांब. दोघांचाही मान राहावा म्हणून सखूताईने आधीच ठरवलं होतं, की अंतरपाट दोन्ही मामांनी धरायचा. डावं टोक माझ्याकडे होतं, उजवं चंदरकडे. मंगलाष्टकं पाच झाली. लग्न लागल्यावर सखूताईने अंतरपाट घडी करायला उलगडला. चंदरच्या टोकाला कापड पांढरं. माझ्या टोकाला पाच बोटं, लाल.